व्रत आणि छंद : जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्सच्या काव्यमौनाचा पुनर्विचार

इंग्रजीच्या पदव्युत्तर वर्गात हॉपकिन्सचे अध्यापन प्रायः ठरावीक क्रमाने होते. आधी ‘इनस्केप’ आणि ‘स्प्रंग ऱ्हिदम’ या संज्ञांच्या व्याख्या, मग ‘द विंडहोव्हर’ आणि ‘पाइड ब्यूटी’ या कवितांचे रसग्रहण, आणि वेळ उरल्यास धर्मगुरू व कवी यांच्यातील संघर्षाचा उल्लेख. हा संघर्ष असा सांगितला जातो : एका प्रतिभावान तरुणाने कॅथलिक पंथ स्वीकारला, तो येशूसंघात दाखल झाला, संघाच्या कठोर शिस्तीने त्याच्यातील कवीची सात वर्षे मुस्कटदाबी केली आणि अखेर प्रतिभेने शिस्तीवर मात केली. परीक्षेतील उत्तरासाठी ही मांडणी सोयीची आहे. हॉपकिन्सची रोजनिशी व पत्रव्यवहार यांच्याशी मात्र ती जुळत नाही. प्रस्तुत लेखात या सात वर्षांच्या मौनाचा विचार वेगळ्या दिशेने करण्याचा प्रयत्न आहे.

हॉपकिन्सचा जन्म १८४४ चा. सागरी विम्याच्या व्यवसायात असलेले वडील स्वतः कविता लिहीत व प्रसिद्ध करीत. आर्थर आणि एव्हरार्ड हे दोघे भाऊ पुढे चित्रकार झाले. अशा घरात कविता, रेखाटन आणि संगीत यांना दैनंदिन जीवनात स्थान असणे स्वाभाविक होते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. १८६३ मध्ये तो ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात आला. तेथील धार्मिक वादांच्या वातावरणात या परवानगीचा प्रश्न प्रथम उभा राहिला. १८६५ पासून तो आपल्या लहानमोठ्या दोषांची रोजच्या रोज नोंद ठेवू लागला. वाया घालवलेला वेळ, रेंगाळलेली नजर अशा गोष्टीही त्या नोंदींत येतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, देवाची अनुज्ञा मिळेपर्यंत सौंदर्याचा त्याग करण्याचा संकल्प त्याने लिहून ठेवला. येथे तारखा महत्त्वाच्या आहेत. न्यूमनच्या हस्ते कॅथलिक चर्चमध्ये त्याचा स्वीकार झाला तो २१ ऑक्टोबर १८६६ रोजी, म्हणजे या संकल्पानंतर जवळजवळ वर्षभराने. येशूसंघ तर अद्याप दोन-तीन वर्षे दूर होता. सौंदर्याची धास्ती त्याला संघाने शिकवली, हे म्हणणे येथेच लंगडे पडते. ती तो आपल्याबरोबरच घेऊन आला होता.

पापाविषयी धर्माची शिकवण स्पष्ट असते. चोरी, असत्य, व्यभिचार यांच्याबाबत तरुण श्रद्धावंताला फारसे विचारावे लागत नाही. त्याची खरी अडचण होते ती निरुपद्रवी आनंदाबाबत. चित्र काढणे पाप नाही, कविता करणे पाप नाही, ढगांकडे तासभर पाहत बसणे तर नाहीच नाही. मग जे निषिद्ध नाही, पण आवश्यकही नाही, त्याचे संपूर्ण समर्पणाच्या जीवनात काय करायचे? हॉपकिन्सच्या तरुणपणीचा हा प्रश्न आहे आणि प्रश्नोत्तरीच्या कोणत्याही पुस्तकात त्याचे तयार उत्तर नव्हते. त्याचे पहिले उत्तर टोकाचे होते. १८६८ च्या फेब्रुवारीत अलेक्झांडर बेली या मित्राला लिहिलेल्या पत्रात चित्रकलेची उच्च अंगे भावनांवर असा ताण आणतात की तो पत्करणे आपल्याला सुरक्षित वाटत नाही, अशा आशयाचा मजकूर आहे. त्याच वर्षी ११ मे रोजी त्याने आपल्या कविता जाळल्या. हेरोदाने केलेल्या बालहत्येची आठवण करून देणारी, अवघ्या काही शब्दांची नोंद त्याने रोजनिशीत केली. सप्टेंबरात तो रोहॅम्प्टन येथे संघाचा उमेदवार म्हणून दाखल झाला.

मराठी वाचकाला या ठिकाणी इंद्रायणीच्या डोहाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तुलना मोहक असली तरी ती आवरलेली बरी. परंपरा सांगते त्याप्रमाणे तुकारामांच्या वह्या बुडाल्या त्या इतरांच्या विरोधामुळे. हॉपकिन्सला कविता जाळायला कोणीही सांगितले नव्हते. फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश तो एकटाच होता. शिवाय मित्रांकडच्या प्रती शाबूत राहिल्या आणि त्याला हे ठाऊक नसेल असे मानता येत नाही. त्या आगीत त्यागाइतकाच संकल्पाच्या जाहीर उच्चाराचा भाग होता.

संघात त्याला जी शिकवण मिळाली तिचा गाभा संत इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या आरंभीच आहे. माणूस ईश्वराच्या स्तुती-सेवेसाठी निर्माण झाला आणि पृथ्वीवरील इतर सर्व वस्तू त्याला या कामी साहाय्य व्हावे म्हणून. ज्या प्रमाणात वस्तू साहाय्यक, त्या प्रमाणात ती वापरावी. ज्या प्रमाणात ती अडसर ठरते, त्या प्रमाणात ती सोडावी. हा निवृत्तिमार्ग नाही. सृष्टीकडे पाठ फिरवा असे इग्नेशियस सांगत नाही. तो सृष्टीला एक कसोटी लावतो. तथापि ही कसोटी उपयुक्ततेची आहे आणि छंदाचे वैशिष्ट्यच हे की त्याचा उपयोग सांगता येत नाही. हॉपकिन्ससारख्या अतिसूक्ष्म विवेकाच्या तरुणाने ती स्वतःला लावली की प्रत्येक आनंद आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणार, हे उघड आहे. १८६९ च्या जानेवारी ते जुलै या काळात त्याने नजरेचे व्रत घेतले होते. त्यामुळे त्या सहामाहीत फारसे काही पाहता आले नाही, असे तो नोंदवतो. या नोंदीत तक्रार नाही; पण न पाहिल्याची नोंद ठेवणाऱ्याचे पाहणे सुटलेले नव्हते, एवढे त्यातून नक्कीच कळते.

आणि येथे रोजनिशीकडे वळावे लागते. हॉपकिन्सच्या अभ्यासात तिला सामान्यतः तळटीपेचे स्थान मिळते, ते अन्यायाचे आहे. मे १८६६ ते फेब्रुवारी १८७५ या काळातील उपलब्ध रोजनिशीत आत्मपरीक्षण जवळजवळ नाही. आहेत ते ढग, ओकच्या पानांची रचना, गोठलेल्या चिखलावरील रेषा, धबधब्याची घडण. कविता वर्ज्य केली होती, निरीक्षण वर्ज्य केले नव्हते. रोजनिशी लिहिणे त्याच्या लेखी कवितेत मोडत नव्हते, म्हणून ती त्याच्याच कडक पहाऱ्यातून सुटली. १८७० मधील ब्लूबेल फुलाच्या नोंदीत त्या फुलाच्या द्वारा प्रभूचे सौंदर्य आपल्याला कळते असे तो लिहितो. ८ एप्रिल १८७३ रोजी स्टोनीहर्स्टच्या बागेतील ॲशचे झाड तोडले जात असल्याचा आवाज त्याने ऐकला. सृष्टीतील असे इनस्केप नष्ट होताना पाहण्यापेक्षा मरण बरे, असे त्या क्षणी वाटल्याचे तो नमूद करतो. पाऊस पडून गेल्यावर वाटेवरची चमकणारी ओली वाळू पाहण्यासाठी हा तरुण वाकून बसे, अशी स्टोनीहर्स्टच्या एका वृद्ध ब्रदरची आठवणही नोंदलेली आहे. त्या ब्रदरला हा प्रकार विक्षिप्त वाटला, यात नवल नाही.

या छंदाला तत्त्वज्ञानाचा आधार मिळाला तो १८७२ मध्ये, डन्स स्कोटसच्या वाचनातून. वस्तूचे सामान्यत्व जितके सत्य, तितकेच तिचे ‘हेपण’ही सत्य, हा त्या मध्ययुगीन फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञाचा विचार. एक विशिष्ट पान, एक विशिष्ट ससाणा यांच्याकडे पाहणे हा ईश्वरचिंतनातील व्यत्यय नसून त्याची वाट असू शकते, अशी मुभा हॉपकिन्सला यात दिसली. ही मुभा चर्चच्याच परंपरेतून आली होती, मात्र त्याच्या शिक्षकांनी नेमलेल्या पुस्तकांतून नव्हे. तरुण श्रद्धावंताला धर्मशिकवणीतील उत्तर कधी कधी शेजारच्या फडताळात सापडते.

डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलँड’ जहाज टेम्सच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर फुटले. जर्मनीतील फाल्क कायद्यांमुळे हद्दपार झालेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी त्यात बुडाल्या. वेल्समधील सेंट ब्यूनोज येथे हॉपकिन्स तेव्हा ईशज्ञान शिकत होता. या घटनेवर कोणीतरी कविता लिहावी, असे तेथील प्रमुखांनी सहज बोलून दाखवले. तेवढे पुरले. पस्तीस कडव्यांची कविता तयार झाली, तिची लय कित्येक दिवस आपल्या कानात घुमत होती असे त्याने पुढे डिक्सनला कळवले. मराठीत ‘छंद’ या एका शब्दाने वृत्त आणि विरंगुळा असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. सात वर्षे विरंगुळा म्हणून जे चालू राहिले तेच येथे वृत्त होऊन अवतरले, असे म्हणण्यास भाषेनेच जागा ठेवली आहे.

पण या प्रसंगाला विजयाचे स्वरूप देणे चुकीचे ठरेल. संघाच्या इतिहासात याहून सरळ मार्गाने गेलेला एक इंग्रज कवी मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी होते. त्याचा उपयोग सांगता येत होता, म्हणून इग्नेशियसच्या कसोटीला ते विनासायास उतरत होते. हॉपकिन्सची कविता कोणाला शिकवण्यासाठी होती? ‘द मंथ’ या संघाच्याच मासिकाने ‘डॉइचलँड’ परत केली. परवानगी मिळाली होती, उपयोग मात्र सिद्ध झाला नव्हता.

म्हणूनच १८७७ मधील सुनीतांच्या उत्फुल्ल वर्षानंतरही मूळ प्रश्न तसाच राहिला. १८८१ मध्ये डिक्सनने कवितेविषयी आग्रह धरला, तेव्हा हॉपकिन्सने दिलेली उत्तरे लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहेत. त्याग करावा की नाही याची त्याला चिंता नाही. त्यागात आपण दाखवलेल्या अनिच्छेचा आणि कवितेत गेलेल्या वेळाचा आपल्याला जाब द्यावा लागेल, याची आहे. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि विशीतल्या नोंदवहीची भाषा पुन्हा ऐकू येत होती. १८८४ मध्ये तो डब्लिनला ग्रीकचा प्राध्यापक म्हणून गेला. तेथे वेळेचा हिशेब वेगळ्याच रीतीने चुकता झाला : शेकडो उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामाने तो थकून जाई. महाविद्यालयीन अध्यापकांना या थकव्याचे भाष्य नको. कविता थोड्या झाल्या. त्यांतील काही अत्यंत काळोख्या आहेत. सवड मिळाली की तो गीतांना चाली लावीत बसे, हार्मनीचे पाठ करी. त्या चालींतून फारसे काही निष्पन्न झाले नाही आणि त्यांचा उपयोग काय, हे त्यानेही कोणाला पटवून दिले नाही.

८ जून १८८९ रोजी विषमज्वराने तो वारला. कवितांच्या प्रती कॅथलिक श्रद्धेविषयी मुळीच आस्था नसलेल्या रॉबर्ट ब्रिजेसने जपून ठेवल्या होत्या. १९१८ मध्ये त्याने त्या छापल्या. साडेसातशे प्रतींची ती आवृत्ती होती, आणि दुसरी निघायला १९३० साल उजाडले.