उत्तरकृती आणि वाचकाचा अधिकार

साहित्यकृती पूर्ण केव्हा होते, या प्रश्नाचे उत्तर रूपवादी समीक्षेने कृतीच्या अंतर्गत रचनेत शोधले. आरंभ, मध्य आणि अंत यांची परस्परसंगती सिद्ध झाली की कृती स्वयंपूर्ण ठरते, असे ते उत्तर आहे. उत्तरकृती या उत्तराला अडचणीत आणते. संपलेल्या कृतीला पुढे दुसरी कृती जोडली जाते, तेव्हा पहिलीचा अंत हा अंत राहात नाही. तो मध्य होतो. पहिल्या कृतीच्या एकाही अक्षराला हात न लावता तिची रचना बदलते. लाडक्या कृतीच्या उत्तरभागाविषयी वाचकाच्या मनात आशा आणि भीती एकाच वेळी असतात, त्यांचे मूळ या वस्तुस्थितीत आहे. ही भावना स्मरणरंजन म्हणून बाजूला सारण्याजोगी नाही. तिच्यात अर्थनिर्णयनाचा एक दावा दडलेला असतो. तो दावा कोणता, आणि तो कितपत मान्य करता येईल, हे येथे पाहावयाचे आहे.

या दाव्याचे सर्वांत उघडे रूप आज साहित्याच्या रूढ सीमेबाहेर, भूमिकाप्रधान संगणकीय खेळांत दिसते. अशा खेळात कथा पुढे नेणारा पात्राची भूमिका स्वतः घेतो; कोणाला सोबत घ्यावयाचे, कोणाला वाचवावयाचे, शेवटी कोणता मार्ग पत्करावयाचा, हे तो ठरवितो. एकाच खेळाचे त्यामुळे अनेक शेवट संभवतात आणि प्रत्येक खेळणाऱ्याजवळ त्याची स्वतःची कथा उरते. उत्तरखेळ येतो तेव्हा त्याला यांपैकी एक कथा खरी मानावी लागते. ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) या खेळाचा दुसरा भाग २००० साली आला. त्याच्या आरंभीच नायकाचे काही ठरावीक सोबती त्याच्याबरोबर कैदेत असतात आणि त्यांपैकी दोघांचा मृत्यू झालेला असतो. ज्याने पहिल्या खेळात या सोबत्यांना बरोबर घेतलेच नव्हते, त्याच्या प्रवासाला या आरंभात जागा नाही. ‘डेउस एक्स’ (२०००) या खेळाला तीन पर्यायी शेवट होते. २००३ च्या उत्तरखेळाने ते तिन्ही काही प्रमाणात घडले असे मानून तडजोड केली. ‘मास इफेक्ट’च्या तीन भागांनी (२००७, २०१०, २०१२) आधीच्या भागातील निर्णय पुढच्या भागात नेण्याची सोय केली. तिसऱ्या भागाच्या शेवटी या सर्व निर्णयांचे पर्यवसान जवळपास सारखेच होते असे दिसल्यावर खेळणाऱ्यांनी मोठी नाराजी व्यक्त केली, आणि निर्मात्यांना त्याच वर्षी विस्तारित शेवट द्यावा लागला.

या नाराजीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. शेवट वाईट झाला, एवढीच ती तक्रार नव्हती. केलेल्या निवडी मोजल्या गेल्या नाहीत, ही खरी तक्रार होती. ‘फॉलआउट’ (१९९७) या खेळाचा तिसरा भाग २००८ साली वेगळ्या निर्मात्यांकडून आला आणि त्याने दृष्टिकोन व लढाईची पद्धत या दोहोंत मूलगामी बदल केले. जुन्या खेळणाऱ्यांचा आक्षेप होता तो नाव कायम ठेवून व्याकरण बदलण्याला. ‘बाल्डर्स गेट’चा तिसरा भाग २०२३ साली, दुसऱ्यानंतर तेवीस वर्षांनी, बेल्जियममधील एका वेगळ्या संस्थेने केला. त्याचे मोठे स्वागत झाले; तरीही जुन्या भागांतील काही पात्रे त्यात परतली तेव्हा त्यांचे बदललेले रूप अनेक जुन्या खेळणाऱ्यांना खटकले, कारण त्यांनी स्वतः त्या पात्रांचा जो स्वभावविकास घडविला होता तो येथे पुसला गेला होता. आशा पूर्ण झाली तरी भीती खोटी ठरतेच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

साहित्याच्या वाचकाला अशी निवड करता येत नाही, म्हणून ही तुलना अप्रस्तुत आहे, असा आक्षेप संभवतो. तो वरवरचा आहे. वोल्फगांग इझरने दाखविल्याप्रमाणे संहितेत रिक्त जागा असतात आणि वाचक त्या भरीत जातो. कादंबरी मिटल्यावर नायकाचे पुढे काय झाले असेल, याचे मौन उत्तर प्रत्येक वाचकाजवळ असते. खेळात ही निवड नोंदली जाते. वाचनात ती अध्याहृत राहते. फरक नोंदीचा आहे, तत्त्वाचा नाही. हान्स रॉबर्ट याउसने १९६७ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात मांडलेले अपेक्षांचे क्षितिज उत्तरकृतीच्या बाबतीत विशेष टोकदार होते. कारण येथे ते क्षितिज वाङ्मयप्रकाराने किंवा परंपरेने आखलेले नसून एका विशिष्ट कृतीच्या विशिष्ट वाचनाने आखलेले असते. झेरार झेनेतने १९८२ च्या ‘पालांप्सेस्त’मध्ये अपुरी राहिलेली कृती पूर्ण करणे आणि पूर्ण झालेली कृती लांबविणे यांत भेद केला. पहिल्यात गरज कृतीची असते. दुसऱ्यात ती कोणाची, हा प्रश्न राहतो: लेखकाची, बाजाराची, की वाचकाची?

मराठीत या प्रश्नाची कसोटी महेश एलकुंचवार यांच्या नाट्यत्रयीवर घेता येते. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. तात्याजींच्या मृत्यूनंतर धरणगावच्या देशपांडे कुटुंबाची होणारी फाटाफूट, मुंबईहून आलेला सुधीर, घराचा भार वाहणारी वहिनी, शिकण्याची इच्छा मारली गेलेली प्रभा आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर यांतून एका सरंजामी व्यवस्थेचा अस्त प्रेक्षकाने वाचला. हे वाचन पूर्ण होते. त्याला पुढच्या नाटकाची गरज नव्हती. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या नाटकांसह ही त्रयी ‘आविष्कार’ने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली १९९४ साली सादर केली, तेव्हा या पूर्ण वाचनाला धक्का बसला. पहिल्या नाटकात बिघडत चाललेला मुलगा म्हणून कडेला असलेला पराग पुढील नाटकांचा केंद्र झाला. मुंबईहून आलेल्या सुधीरचा मुलगा अभय त्याच्या समोर उभा राहिला. वास्तववादी कौटुंबिक नाटक ‘युगान्त’पर्यंत येता येता दुष्काळाने वेढलेल्या ओसाड भूमीवरील चिंतनपर संवादात रूपांतरित झाले. ज्याला ‘वाडा चिरेबंदी’ची घट्ट वास्तवशैली हवी होती, त्याला येथे शैलीचा भंग जाणवणे स्वाभाविक आहे.

तरीही ही त्रयी पहिल्या नाटकाच्या प्रेक्षकाचा अपमान करीत नाही. याचे कारण तिच्या रचनेत आहे. पहिल्या नाटकाच्या प्रेक्षकाने जे दुःख पाहिले, ते पुढील नाटके नाकारीत नाहीत. त्या दुःखाचा निष्कर्ष तेवढा अपुरा होता, असे सुचवितात. व्यवस्थेचा अस्त हा शेवट नव्हे. त्यानंतर माणसे उरतात आणि त्यांना जगावे लागते. अर्थ बदलतो तो अनुभव पुसून नव्हे, तर अनुभव जमेस धरून.

भालचंद्र नेमाडे यांच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. ‘कोसला’ (१९६३) नंतर ‘बिढार’ (१९७५) पासून ‘झूल’ (१९७९) पर्यंतच्या चार कादंबऱ्या आल्या. चांगदेव पाटील हा पांडुरंग सांगवीकरचा पुढचा अवतार म्हणून वाचण्याचा मोह मोठा होता. या मोहाने चांगदेवचे नुकसान केले. कारण पांडुरंगचा तिरकस, उद्ध्वस्त स्वर शोधणाऱ्याला चांगदेवच्या नोकऱ्या, गावे आणि बिऱ्हाडे यांचा संथ पसारा उणा वाटला. येथे लेखकाने उत्तरकृती लिहिलीच नव्हती. ती वाचकाच्या अपेक्षेने निर्माण केली होती. उलट ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) ही नियोजित चतुष्टयातील पहिली कादंबरी म्हणूनच वाचकांसमोर आली. तिचा वाचक आरंभापासून प्रतीक्षेत ठेवला गेला, आणि ही प्रतीक्षा दीर्घ झाली. पुढील भाग समोर नसताना खंडेरावची कहाणी पूर्ण मानावी की अपूर्ण, हे ठरविण्याचे काम वाचकावर पडले. न आलेली उत्तरकृतीही आलेल्या कृतीच्या वाचनात हस्तक्षेप करते, ही गोष्ट मराठी समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

हा हस्तक्षेप आधुनिक आहे, असेही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) दोन पुराणांचे आहे. वसई-पापडीपासून गोव्यापर्यंतच्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या वाङ्मयीन वारशात त्याचे स्थान आहे. पहिल्या पुराणातील जुन्या करारातील कथा दुसऱ्यातील ख्रिस्तचरित्राची पूर्वखूण म्हणून वाचल्या जाव्यात, अशी या मांडणीमागील धर्मदृष्टी आहे. उत्तरभाग पूर्वभागाला ‘पूर्व’ ठरवितो, हे तत्त्व तेथे श्रद्धेच्या पातळीवर स्वीकारलेले आहे. पूर्वभागाला स्वतःचा अर्थ असण्याचा अधिकार मात्र त्यात कमी होतो. ज्यूंच्या दृष्टीने तोच ग्रंथ स्वतःत पूर्ण आहे. उत्तरकृतीचा प्रश्न सत्तेचाही असतो, तो असा.

याउलट भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’कडे पाहावे. विदर्भाशी नाते सांगितले जाणारा हा आठव्या शतकाच्या सुमाराचा नाटककार ‘महावीरचरिता’नंतर रामाची पुढील कथा लिहितो आणि उत्तरकांडातील शेवट बदलून राम-सीतेचे पुनर्मीलन घडवितो. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच्याच पूर्वायुष्याची चित्रे पाहतात. आधीच्या कथेची ही उजळणी नुसती माहितीवजा नाही; पात्रांना तो भूतकाळ पुन्हा दुखतो. सातव्या अंकातील गर्भनाटकात सीतेच्या त्यागानंतरची कथा राम प्रेक्षक म्हणून पाहतो, आणि हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाला त्याला करून द्यावी लागते. उत्तरकथेने व्याकुळ होणारा प्रेक्षक भवभूतीने रंगमंचावरच बसविला आहे. शेवट बदलण्याचा अधिकार तो घेतो, पण पूर्वकथेची वेदना जिवंत ठेवूनच.

स्पेनमध्ये १६१४ साली अव्हेल्यानेदा या टोपणनावाने ‘दोन किहोते’चा बनावट दुसरा भाग निघाला. सेर्वांतेसने १६१५ च्या आपल्या दुसऱ्या भागात किहोतेला ठरलेला सारागोसाचा रस्ता सोडून बार्सेलोनाला पाठविले, तो बनावट भाग खोटा पाडण्यासाठी. त्याच्या या भागातील पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे. येथेही पूर्वकृतीचा वाचक उत्तरकृतीच्या आत शिरला आहे.

या उदाहरणांवरून एक निकष हाती येतो. उत्तरकृतीचे मूल्य तिने पूर्वकृतीशी किती निष्ठा राखली यावर ठरत नाही. एलकुंचवार आणि भवभूती दोघेही त्या अर्थाने निष्ठावान नाहीत. वाचकाने पूर्वकृतीत जो अनुभव घेतला, तो उत्तरकृती जमेस धरते की रद्द करते, हा प्रश्न निर्णायक आहे. या दृष्टीने वाचकाची भीती हा समीक्षेचाच प्राथमिक प्रकार ठरतो. तिला मर्यादा आहेत. आपले वाचन हेच एकमेव वाचन असा हट्ट तिच्यात शिरला, की ती लेखकाला एका नमुन्याचा कैदी करू पाहते. चांगदेवच्या बाबतीत हेच घडले. अनुभव जमेस धरला जावा, हा वाचकाचा अधिकार आहे. अनुभव जसाच्या तसा पुन्हा मिळावा, हा नाही. यांतली सीमारेषा प्रत्येक उत्तरकृतीबरोबर नव्याने आखावी लागते. ती आखण्याचे काम समीक्षेने टाळले, तर ते बाजार आपल्या पद्धतीने करील.