निवेदकाची मराठी : काही कादंबऱ्यांच्या निमित्ताने

कादंबरी लिहू पाहणारा माणूस दुसऱ्याच्या कादंबऱ्या वाचतो, तेव्हा त्याचे वाचन निखळ रसिकाचे राहत नाही. सुतार पाहुणा म्हणून गेला तरी त्याची नजर दाराच्या चौकटीवर जाते, तशी त्याची नजर कथानकाआधी बांधणीकडे जाते. गेल्या वर्षभरात ज्या कादंबऱ्या माझ्या वाचनात आल्या, त्यांतील काही पूर्वी वाचलेल्या व आता पुन्हा काढलेल्या होत्या, तर काही अलीकडच्या. रा. रं. बोराडे यांचे फेब्रुवारी २०२५ मध्ये निधन झाले, त्या निमित्ताने त्यांची 'पाचोळा' (१९७१) हाती घेतली, आणि तिने मला मागे उद्धव शेळके यांच्या 'धग'कडे (१९६०) व तेथून व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'कडे (१९५५) नेले. पुढे कृष्णात खोत यांची 'रिंगाण' आणि महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' वाचली. या पाच कृतींचे परीक्षण करण्याचा येथे हेतू नाही. तो अधिकार प्राध्यापक मंडळींचा आहे आणि जुन्या तिघींपुरता तरी त्यांनी तो पुष्कळ बजावला आहे. मला एकच प्रश्न विचारावयाचा आहे : कादंबरीत कथा सांगणारा जो कोणी असतो, तो कोणत्या मराठीत सांगतो, आणि त्या मराठीतून त्याला किती दिसते?

पुण्या-मुंबईच्या लेखकाला हा प्रश्न कदाचित पडत नसेल. बेळगावात बसून लिहिणाऱ्याला तो पहिल्याच पानावर अडवतो. आमच्याकडे 'पण' या अर्थी 'खरं' म्हणतात. वाक्याच्या शेवटी आग्रहाचा 'की' येतो. आणि घरातली बाई 'मी जाते' न म्हणता 'मी जातो' म्हणते. कोल्हापूरपासून खाली बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात हे सर्रास ऐकू येते. त्यात शेजारच्या कानडीचा वाटा किती, हा भाषाशास्त्रज्ञांचा विषय आहे. शाळेत ही रूपे तांबड्या शाईने दुरुस्त होतात, आणि त्याबद्दल शिक्षकांना दोष देता येणार नाही. परीक्षेची भाषा एक असावी लागते. तथापि १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरलेल्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, तेव्हापासून आम्ही आमचे मराठीपण सिद्ध करण्यात इतके गुंतून गेलो आहोत, की ती मराठी जशी आहे तशी लिहिण्याचा आम्हांलाच संकोच वाटतो. कथेत ती आली तर विनोदी पात्राच्या तोंडी येते. निवेदकाच्या तोंडी ती शोभत नाही, असा आमचा आम्हीच समज करून घेतला आहे.

'बनगरवाडी'त ही अडचण माडगूळकरांनी फार सहजतेने सोडविली आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला एक कोवळा मास्तर तेथे कथा सांगतो. तो शिकलेला, म्हणून त्याचे निवेदन प्रमाण मराठीत; वाडीची माणसे माणदेशी बोलतात, म्हणून संवाद त्या बोलीत. सीमारेषा स्वच्छ आहे, आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की ती सीमारेषाच या कादंबरीचा खरा विषय आहे. मास्तर वाडीचा नाही. तो लोकांची बारीकसारीक कामे करतो, तालमीचा घाट घालतो, ती उभी राहते, खुद्द राजेसाहेब येऊन जातात. तरीही अंजीच्या चोळीसारख्या क्षुल्लक निमित्ताने कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येते आणि मास्तर पुन्हा परका ठरतो. बैलाची जोड नाही म्हणून शेकूची बायको स्वतः औताला खांदा देते, तो प्रसंग मास्तर पाहतो, सांगतो आणि थांबतो. त्या बाईच्या मनात काय चालले असेल, हे तो सांगू लागत नाही, कारण त्याची भाषा तेथवर पोहोचत नाही हे त्याला ठाऊक आहे. शेवटी दुष्काळात वाडी उठून जाते व मास्तरही निघतो. त्याची छोटी, कोरडी वाक्ये मला या वेळी अधिक प्रामाणिक वाटली. पाहुण्याने पाहुण्यासारखे बोलावे, तशी ती आहेत.

हा साचा पुढे अनेकांनी उचलला. शहरातून कोणी मास्तर, कोणी डॉक्टर, कोणी अधिकारी खेड्यात येतो आणि खेडे आपणांस समजावून सांगतो. माडगूळकरांच्या मास्तराचा संकोच मात्र त्या मंडळींनी उचलला नाही. निवेदक पाहुणा, पण घरातल्या सर्व खोल्यांत मोकळा हिंडणारा, असा प्रकार झाला. अशा लेखनाला आपण 'प्रादेशिक' म्हणतो. जणू सदाशिव पेठ हा प्रदेशच नव्हे!

'धग' आणि 'पाचोळा' या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या म्हणजे एक योगायोग डोळ्यांत भरतो. दोन्हींतले घर शिंप्याचे आहे, आणि दोन्हींत त्या घराचा भार पुरुषाहून बाईने अधिक वाहिलेला आहे. 'धग'मधील कौतिक नाकर्त्या महादेवाचा संसार रेटते; पुढे महादेवाला महारोग होतो आणि तिच्या झुंजीला अंतच उरत नाही. 'पाचोळा'मधील गंगाराम शिंपी नाकर्ता नाही, ताठ आहे. गावातल्या वजनदार माणसांपुढे तो वाकत नाही, आणि त्या ताठपणाची किंमत पार्वतीला भरावी लागते. एकीचा नवरा कण्याअभावी तिला बुडवतो, दुसरीचा कण्यामुळे. दोन लेखकांनी हे ठरवून केलेले नाही, म्हणूनच त्याचे मोल अधिक.

परंतु निवेदनात त्या दोघी एकमेकींपासून फार दूर आहेत. शेळके तृतीयपुरुषी निवेदन करतात. पात्रे वऱ्हाडी बोलतात. निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीचे, पण त्यात वऱ्हाडी शब्द अधूनमधून पाझरत राहतात. घराच्या भिंतीला ओल यावी तसे हे होते. कौतिकच्या जवळ जाता जाता निवेदकाची भाषा नकळत तिची होऊ लागते, मग तो सावरतो, पुन्हा सरकतो. काही टीकाकार याला विसंगती म्हणतील. मला तीत लेखकाची ओढाताण दिसते, आणि ती ओढाताण कौतिकच्या ओढाताणीला साजेशी आहे. तिचे दुःख पूर्णपणे तिच्या भाषेत सांगावे की तिला न कळणाऱ्या भाषेत तिचे कौतुक करावे, या दोहोंच्या मध्ये शेळके उभे आहेत. 'धग'चा जो चटका बसतो, त्याचे एक कारण हे न सुटलेले अवघडलेपणही असावे.

बोराड्यांनी अकरा वर्षांनंतर ती भिंतच काढून टाकली. 'पाचोळा' आरंभापासून अखेरपर्यंत पार्वती सांगते, आणि मराठवाड्याच्या तिच्या बोलीत सांगते. या गोष्टीची स्तुती पुष्कळ झाली आहे. ती बहुधा शब्दकळेची झाली. अस्सल शब्द, अस्सल म्हणी, मातीचा वास इत्यादी. माझ्या मते बोराड्यांची खरी करामत शब्दांत नाही. पार्वतीला बोली दिल्याबरोबर त्यांनी तिची मर्यादाही स्वीकारली. पुरुषांच्या बैठकीत काय शिजते, याचा ठाव तिला थेट लागत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतो तो घरी आलेल्या नवऱ्याचा चेहरा, मुलाचे वागणे, शेजारणीचा शब्द. गावचे राजकारण तिला एखाद्या आजारासारखे जाणवते. लक्षणे दिसतात, कारण दिसत नाही. तृतीयपुरुषी निवेदकाने हेच सांगितले असते, तर त्याला कारस्थानाचे एक प्रकरण लिहावे लागले असते आणि कादंबरी गावगाड्याच्या राजकारणाची झाली असती. पार्वतीमुळे ती घराची राहिली. बोली ही येथे दृष्टी आहे, आणि दृष्टी म्हटली की तिला क्षितिज आले.

ही कसोटी मी तेव्हापासून इतर पुस्तकांना लावून पाहतो. निवेदन बोलीत आहे, ठीक. पण ती बोली बोलणारा माणूस जे जाणू शकणार नाही, ते निवेदन जाणते काय? जाणत असेल, तर ती बोली म्हणजे नाटकातला पोशाख झाली. गेल्या काही दशकांत बोलीतल्या निवेदनाचा एक प्रघातच पडला आहे. क्रियापदे ग्रामीण, शब्द ग्रामीण, आणि विचार मात्र परिसंवादातले. असा निवेदक आपल्या गावाविषयी समाजशास्त्राचे निष्कर्ष अगदी अस्सल उच्चारात सांगतो. त्यापेक्षा माडगूळकरांचा बाहेरचा मास्तर मला शतपटीने विश्वासार्ह वाटतो. (भालचंद्र नेमाडे यांची १९६३ मधली 'कोसला' येथे आठवणे अपरिहार्य आहे. तेथे पांडुरंग सांगवीकर प्रमाण भाषेलाच वाकवून, चिडवून आपली करतो; पण तो मार्ग शिकून विटलेल्या तरुणाचा आहे, पार्वतीला तो उपलब्ध नाही.)

'रिंगाण'ला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे आपल्या वाचकांना विदित आहेच. धरणाने उठविलेल्या माणसांची ही कथा. जुन्या गावी मागे राहिलेली म्हैस आणावयास एक माणूस परत जातो, आणि ती म्हैस आता रानाची झालेली आहे. खोतांच्या येथे कोल्हापूरकडची बोली निवेदनात आणि संवादात एकजीव झालेली आहे, आणि वरील कसोटीला ती मोठ्या अंशी उतरते. जनावराला हाक मारावयाची ती घरच्या बोलीतच. ग्रांथिक मराठीत म्हैस बोलावता येत नाही. आणि त्या हाकेला म्हैस ओ देत नाही. ज्या भाषेवर त्या माणसाचा सारा संसार उभा होता, तीच त्या रानात निरुपयोगी ठरते. विस्थापितांवर पुष्कळ लिहिले गेले असेल, परंतु विस्थापन ही भाषेची घटना म्हणून इतक्या साध्या प्रसंगातून क्वचितच दाखविली गेली असेल. काही जागी निवेदन रेंगाळते, तोच भाव फिरून फिरून येतो. पंचवीसएक पाने कमी असती तर बिघडले नसते. तरीही पुस्तक मिटल्यावर ती हाक कानात राहते.

येथवर ज्या कृतींचा विचार केला, त्यांत पात्रांची बोली मराठीचीच एक बोली होती. आपल्या सभासदांपैकी जे गोमंतकात आहेत, ते विचारतील की पात्रांची भाषाच निराळी असेल तर काय करावे. महाबळेश्वर सैल कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत लिहितात; 'हावठण' या कोकणी कादंबरीसाठी त्यांना २०१६ चा सरस्वती सन्मान मिळाला. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज राजवट व धर्मांतरे हा 'तांडव'चा विषय कोकणीत 'युगसांवार' या नावाने आला आहे. मराठीत ही कथा वाचताना प्रथम मला चुकल्यासारखे वाटत होते, कारण बोलीची खूण शोधण्याची सवय लागलेली. मग ध्यानात आले की चारशे वर्षांपूर्वीचा गोमंतकीय शेतकरी नेमका कसा बोलत असेल, हे आज कोणालाही छातीठोकपणे सांगता यावयाचे नाही; तेथे अस्सलपणाचा आग्रह धरणे म्हणजे खोट्याला निमंत्रण देणे. देव, जमीन आणि घर यांतले काय सोडावे, हा तेथील माणसांपुढचा पेच साध्या मराठीतही तितकाच बोचतो. तेव्हा बोलीतले निवेदन हा सार्वत्रिक नियम नव्हे, एवढे 'तांडव'ने मला शिकविले.

सीमाभागातून मात्र हा प्रश्न टाळता येत नाही, आणि निपाणीच्या महादेव मोरे यांनी तो टाळला नाही. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी गॅरेजमधली पोरे, टॅक्सीवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांच्याविषयी आयुष्यभर लिहिले. २०२४ साली ते गेले. आपल्या चर्चासत्रांतून त्यांचे नाव जितके यावयास हवे होते तितके आले नाही, असे मला वाटते. सीमेवरची मराठी म्हटली की आपण ठराव आठवतो, मोर्चे आठवतो. ती मराठी ज्यांनी कागदावर आणली, त्यांच्या पुस्तकांची एक साधी सूचीसुद्धा आपल्या बहुतेक शाळांच्या ग्रंथालयांत मिळणार नाही.

माझ्या हातातील लेखनापुरते सांगावयाचे तर त्यातील निवेदक बाई आहे, बेळगावच्या एका जुन्या गल्लीतली, आणि बोराड्यांच्या पार्वतीवाचून ती मला सुचली नसती. ती 'मी सांगतो', 'मी जातो' असेच म्हणते. पहिली चाळीस पाने एका पुणेकर स्नेह्याला वाचावयास दिली. त्यांनी ती आस्थेने वाचली, सूचनाही चांगल्या केल्या. आणि शेवटी विचारले, की हा कथा सांगणारा गृहस्थ स्वयंपाकघरात इतका वेळ काय करीत असतो? माझ्या एका शिक्षक-मित्राने पहिल्या पानावर तळटीप घालण्याचा सल्ला दिला आहे. तळटीप घातली तर बाई स्वतःच्याच घरात पाहुणी होते. न घातली तर पुण्याचा वाचक दहा पाने तिला पुरुष समजून वाचतो. ती दहा पाने त्याने तशी वाचावीत, असे तूर्त मी ठरविले आहे.