सौर ऊर्ध्वपातन आणि ऋतुमान : काही आक्षेप

शुष्क प्रदेशातील सौर ऊर्ध्वपातनाविषयीच्या लेखनात चिलीच्या अटाकामा वाळवंटातील लास सालिनास येथील संयंत्राचा उल्लेख बहुधा येतोच. चार्ल्स विल्सन यांनी १८७२ मध्ये उभारलेल्या या संयंत्राचे क्षेत्रफळ सुमारे ४,७०० चौरस मीटर होते व त्यातून दररोज सुमारे २२,७०० लिटर गोडे पाणी मिळे, असे सांगितले जाते. यातील ‘दररोज’ हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे.

या आकड्यांवरून प्रति चौरस मीटर ४.८ लिटर उत्पादन येते. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनास साधारण २.४ मेगाजूल उष्णता लागते. कार्यक्षमता ४० टक्के धरली (साध्या संयंत्रास ती चांगलीच म्हणावी लागेल), तरी प्रति चौरस मीटर दिवसाला जवळपास २९ मेगाजूल सौर प्रारण हवे. ते तेथे डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात मिळते, जूनमध्ये नव्हे. तेव्हा हा आकडा वर्षभराचा म्हणून उद्धृत करणे युक्त नाही.

एप्रिल-मेमधील निरभ्र दिवसांच्या मोजमापांवरून वार्षिक निष्कर्ष काढणाऱ्या निबंधांनाही हाच आक्षेप लागू पडतो. हिवाळ्यातील घट केवळ प्रारणाच्या प्रमाणात होत नाही. पाण्याचा बाष्पदाब ६० अंश सेल्सिअसला १९.९ किलोपास्कल असतो, ४० अंशांना अवघा ७.४. पाणी कोमट राहिले की शोषलेल्या उष्णतेचा मोठा वाटा बाष्पीभवनाऐवजी अभिसरण, प्रारण व गळती यांत जातो. जोधपूर परिसरात मे महिन्यात सुमारे २५ व डिसेंबरात सुमारे १५ मेगाजूल प्रारण मिळते. कार्यक्षमता अनुक्रमे ३५ व २५ टक्के मानल्यास उत्पादन ३.६ लिटरवरून १.६ लिटरवर येते. रोज १० लिटर पाणी हवे असलेल्या कुटुंबाला मेच्या हिशोबाने २.८ चौरस मीटरचे कुंड पुरेल. डिसेंबरच्या हिशोबाने ६.४ चौरस मीटरचे लागेल. भूजलातील क्षार व फ्लोराइड काही हिवाळ्यात कमी होत नाहीत. लहान कुंड मिळालेले कुटुंब थंडीत पुन्हा त्याच विहिरीकडे वळणार.

काचेचा कल अक्षांशाइतका ठेवला की ही तूट भरून निघते, हे विधान सपाट सौर संग्राहकावरून उसने घेतलेले आहे. संग्राहकाचे शोषक पृष्ठच कलते असते. कुंडातील पाणी आडवेच राहते. मागील भिंत परावर्तक असल्यास थोडा लाभ होतो, पण तो एकट्या कलाचा नव्हे.

पावसाळ्यातील ढगाळ दिवसांचा विचार मात्र वेगळ्या रीतीने करता येईल. जोधपूरचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ३६० मिलिमीटर आहे. काचेच्या खालच्या कडेला पन्हळ बसवली, तर ६.४ चौरस मीटरवरून गळती वजा जाता वर्षाला १,८०० लिटरच्या आसपास पाणी जमेल. म्हणजे त्या कुटुंबाची सुमारे सहा महिन्यांची गरज. उत्पादनाच्या तक्त्यांत या पाण्यासाठी स्वतंत्र रकाना क्वचितच दिसतो.