आगरकर, अकोला आणि चरितार्थाचें शिक्षण

शिक्षण हें पोटासाठीं कीं जीवितासाठीं, हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळां विचारला गेला आहे, कीं त्याचें उत्तर ठरलेलेंच आहे असें समजून आपण तो कानाआड करतों. सभेंत अध्यक्षस्थानीं बसलेले गृहस्थ सांगतात, कीं शिक्षण हें मनुष्य घडविण्यासाठीं आहे. आणि तेच गृहस्थ घरीं आल्यावर मुलास विचारतात, कीं या विषयानें नोकरी कोणती मिळेल. त्यांस दांभिक म्हणणें सोपें आहे. परंतु या दोन उत्तरांपैकीं एकही खोटें नाहीं, हीच खरी अडचण आहे. ज्या मराठी लेखकांनीं या अडचणीचा नेटानें विचार केला, त्यांत गोपाळ गणेश आगरकरांचें स्थान फार वरचें आहे. त्यांचे शिक्षणविषयक निबंध नुकतेच पुन्हां वाचले. ते अकोल्यास बसून वाचतांना जें मनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

अकोल्याचा उल्लेख केवळ गांवाच्या अभिमानानें केलेला नाहीं. आगरकरांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळच्या टेंभू या गांवीं झाला. घरची स्थिति इतकी हलाखीची, कीं शिक्षण अर्धवट टाकून त्यांस कऱ्हाडास कचेरींत उमेदवारी करावी लागली, दवाखान्यांत औषधें कालविण्याचें कामही करावें लागलें. शेवटीं नातलगांच्या आश्रयानें ते अकोल्यास आले. येथील शाळेंत विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुरु त्यांस लाभला. शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'वरून 'तारा' हें नाटक रचणारे आणि पुढें १९०७ च्या पुणें येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झालेले हेच ते महाजनी. १८७५ सालीं आगरकर मॅट्रिक झाले आणि पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेले. चरितार्थ म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. तीन गांवें हिंडून ते तें शिकले होते, आणि त्यांतलें एक गांव आमचें होतें.

ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेवून १८८८ सालीं निघालेल्या 'सुधारका'तील त्यांचे निबंध वाचावे. त्यांत स्त्रियांस चरितार्थसंपादक शिक्षण द्यावें कीं नाहीं, याची चर्चा करणारा निबंध विशेष महत्त्वाचा आहे. त्या काळीं स्त्रीशिक्षणाचे कैवारी नव्हते असें नाहीं. परंतु त्यांतील बहुतेकांचें म्हणणें असें, कीं स्त्री शिकली म्हणजे ती चांगली गृहिणी होईल, मुलांस चांगलें वळण लावील, पतीस समजून घेईल. म्हणजे शिक्षण तिला, पण लाभ मोजावयाचा इतरांचा. आगरकरांनीं हा हिशेब उलटा केला. जिला आपली भाकरी मिळवितां येत नाहीं, तिच्या संमतीला किंमत काय, हें त्यांच्या विवेचनाचें मर्म आहे. लग्न हेंच जिच्या उपजीविकेचें एकमेव साधन, तिनें लग्नास होकार दिला असें म्हणणें ही भाषेची थट्टा आहे. स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावें आणि तेंही एकत्र द्यावें, हा त्यांचा पुढचा आग्रह याच विचारांतून ओघानें येतो.

या विचारसरणीवर हर्बर्ट स्पेन्सरची छाया स्पष्ट आहे. १८६१ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांत स्पेन्सरनें मानवी व्यवहारांची प्रतवारी लावली. प्रत्यक्ष आत्मरक्षण प्रथम, उपजीविका दुसरी, अपत्यसंगोपन तिसरें, सामाजिक व राजकीय कर्तव्यें चौथीं, आणि अभिरुचि व करमणूक शेवटीं. या क्रमानेंच ज्ञानाचें मोल ठरवावें, असा त्याचा सिद्धान्त. परंतु आगरकरांनीं हा क्रम नुसता मराठींत आणला नाहीं. स्पेन्सरच्या मांडणींत उपजीविका ही शिडीची एक पायरी आहे. आगरकरांच्या मांडणींत ती स्वातंत्र्याची अट झाली आहे. हा फरक लहान नाहीं. औषधें कालवून पोट भरलेल्या माणसालाच तो सुचावा, असा आहे.

येथें चिकित्सक वाचक एक शंका घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. चरितार्थाचें एवढें माहात्म्य सांगणाऱ्या आगरकरांनीं स्वतः काय केलें? एम. ए. झालेल्या तरुणास त्या काळीं सरकारी नोकरीचें दार उघडें होतें. तें सोडून ते १८८० सालीं निघालेल्या न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले, पुढें फर्ग्युसन कॉलेजांत प्राध्यापक व १८९२ पासून प्राचार्य झाले, आणि अल्प वेतनावर, दम्याशीं झगडत, चाळिशीही न गाठतां १८९५ सालीं गेले. मग उपदेश एक आणि आचरण दुसरें, असें म्हणावयाचें काय?

आमच्या मतें या विसंगतींतच त्यांच्या विचाराची किल्ली आहे. ज्याला मिळवितां येतें, तोच सोडूं शकतो. ज्याच्या हातांत कांहींच नाहीं, त्याच्या रित्या हाताला त्याग म्हणणें ही त्याची क्रूर चेष्टा आहे. आगरकरांनीं मोठ्या पगारावर पाणी सोडलें, कारण तो त्यांच्या आटोक्यांत होता. चरितार्थाचें शिक्षण हा इमारतीचा पाया आहे, कळस नव्हे. परंतु पायाच नसेल तर कळसाची गोष्ट बोलूं नये. शिक्षण पोटासाठीं कीं जीवितासाठीं, हा वाद यामुळें मुळांतच चुकीचा ठरतो. शिक्षण निवडीसाठीं आहे, आणि उपाशी माणसाला निवड नसते.

आगरकरांच्या लेखनाचा गुण म्हणून त्यांच्या तर्ककठोरतेचा नेहमीं गौरव होतो, आणि तो यथार्थ आहे. एक प्रश्न, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी कोंडी करून ते प्रतिपक्षास पळावयास वाट ठेवीत नाहींत. परंतु याच गुणाची दुसरी बाजूही आहे. चूक दाखविली म्हणजे माणूस ती सोडील, असा त्यांचा विश्वास दिसतो. रूढि ही केवळ अज्ञानावर उभी नसते. ती कोणाच्या तरी सोयीवरही उभी असते, आणि सोय ही तर्कानें हटत नाहीं. शिवाय त्यांचा वाचक मुख्यतः शहरांतला, पांढरपेशा. कुणब्याच्या मुलानें शाळेंत यावें कसें, त्या दिवसांत गुरें कोणीं राखावीं, हा प्रश्न त्यांच्या निबंधांच्या केंद्रस्थानीं नाहीं. तो जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें मांडला होता. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो उभा राहतो शेतकऱ्याच्या घामांतून, हा फुल्यांचा आरोप आगरकरांच्या निबंधांशेजारीं ठेवून वाचला, तरच एकोणिसाव्या शतकाचा शिक्षणविचार पुरा होतो.

वऱ्हाडांत ही उणीव पुढें ज्यांनीं भरून काढली, त्यांत दोन नांवें अगत्यानें घ्यावयास हवींत. अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें १८९८ सालीं जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनीं १९३२ सालीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून खेड्यांतील मुलांसाठीं शिक्षणाची वाट मोकळी केली. पुढें ते केंद्रांत कृषिमंत्री झाले. १९६९ सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ झालें, तें आज त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. दुसरे गाडगेबाबा. स्वतः निरक्षर असलेला हा साधु कीर्तनांत लोकांस विचारी, कीं तुमचीं मुलें शाळेंत जातात काय. आणि पोटाला चिमटा घ्या, पण मुलांस शिकवा, असें बजावी. आगरकरांनीं जें तर्कानें सिद्ध केलें, तें बाबांनीं लोकांच्या गळीं उतरविलें. दोहोंची गरज होती.

आणि आजही आहे. गेल्या वर्षीं प्रवेशाच्या दिवसांत बाळापुराकडील एक कापूसउत्पादक शेतकरी आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. मुलीस इतिहास शिकावयाचा होता. त्यांनीं अगदीं संकोचानें विचारलें, "सर, हे शिकून पोरीले काम लागन काय?" बाजूला बसलेले आमचे एक तरुण सहकारी किंचित् हसले. आम्हांस हसूं आलें नाहीं. ज्याच्या पिकाचा भाव त्याच्या हातीं नाहीं, पाऊस हातीं नाहीं, आणि ज्याच्या जिल्ह्यांत कर्जापायीं शेतकऱ्यांनीं जीव दिल्याच्या बातम्या नव्या नाहींत, त्यानें हा प्रश्न विचारूं नये तर काय विचारावें? तो प्रश्न क्षुद्र नव्हता; तो आगरकरांचाच प्रश्न होता, फक्त वऱ्हाडींत विचारलेला.

आम्हीं त्यांस सरळ उत्तर दिलें, कीं निवळ पदवीनें काम मिळेल अशी हमी आम्ही देऊं शकत नाहीं. इतिहासाबरोबर तिनें पोटास लागेल असें आणखी कांहीं शिकलेंच पाहिजे. मग मुलीस विचारलें, कीं तुझें म्हणणें काय? ती म्हणाली, "दोन्ही शिकतो." वडील क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले, आणि त्यांनीं अर्ज पुढें केला.

आज शिकवणीवर्गांच्या पाट्यांनीं शहरें भरलीं आहेत आणि शिक्षण म्हणजे परीक्षेंतील क्रमांक, अशी समजूत घरोघरीं पसरली आहे. तिच्यावर नुसते कोरडे ओढून भागणार नाहीं. तिच्या मुळाशीं भाकरीचें खरें भय आहे. त्या भयाची थट्टा न करतां त्याच्यापलीकडे माणसास नेणें, हें शिक्षकाचें काम. अकोल्याच्या शाळेंत एका गरीब मुलाच्या बाबतींत तें एकदां घडलें होतें. तें आणखी अनेकांच्या बाबतींत घडावें, एवढ्यासाठीं तरी आगरकर पुन्हां वाचले पाहिजेत.