घराचे दान आणि शोकात्मिकेचे गृहीतक

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ची (पहिला प्रयोग १९७०) चर्चा मुख्यतः दोन अंगांनी होत आली आहे : ‘किंग लिअर’शी असलेले तिचे नाते आणि वार्धक्याचे सार्वत्रिक दुःख. यांतील ‘सार्वत्रिक’ हा शब्द तपासून घेणे आवश्यक आहे. गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांत वाटून टाकतात आणि निराधार होतात. मुलांची कृतघ्नता, नटाचा भाबडा अहंकार यांवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु देऊन टाकण्यासाठी आधी काहीतरी निखळपणे स्वतःचे असावे लागते, या गृहीतकाकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

१९७० मध्येच गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले. डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांच्या १९४५ च्या उठावाचे हे कथन. त्यातील ‘लग्नगडी’ लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबत राहतो. ज्याचे श्रमदेखील त्याच्या मालकीचे नाहीत, तो मुलाला घर कोठून देणार? साहित्य अकादमीने दोन्ही कृती गौरविल्या (१९७२, १९७४). तरीही एकीचे दुःख ‘मानवी’ आणि दुसरीचे ‘सामाजिक’ अशी विभागणी वाचकांच्या मनात सहज होते. या विभागणीमागे मालमत्तेविषयीची एक अव्यक्त धारणा आहे.

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळसारख्या वनालगतच्या गावाकडून पाहिले की ती धारणा स्पष्ट होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवर राहण्याचा व कसण्याचा हक्क मान्य केला. हा हक्क वारसाने पुढे जातो. मात्र तो विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. अशा जमिनीवरच्या घरात बेलवलकरांची कृती कायद्याने संभवतच नाही. शिवाय, ज्या कावेरीला ते ‘सरकार’ म्हणतात, तिला त्या वाटपात कर्तेपण नाही. येथे मात्र तिचे नाव मुळातच कागदावर असते.

यावरून आदिवासी जीवन शोकमुक्त आहे असा निष्कर्ष काढणे हा निव्वळ भाबडेपणा ठरेल. दिवाळीनंतर या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांनी आईबापांना घराबाहेर काढावे असे येथे घडावे लागत नाही. पोटच दोन्ही पिढ्यांना घराबाहेर काढते. हक्क शाबूत आणि घर बंद, हा ताण ‘लिअर’च्या आकृतिबंधात मावणारा नाही. त्यासाठी वेगळी नाट्यरचना लागेल.

खुद्द मध्यमवर्गीय घराच्या बाबतीतही ती आकृती अबाधित राहिलेली नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, देणाऱ्याला परत मागता येते. बेलवलकरांची शोकांतिका तर दान अपरिवर्तनीय असण्यावर उभी आहे. अर्थात त्यांना दावा मिळाला असता, तरी मुलांच्या मनातील जागा मिळाली नसती. नाटकाचे सामर्थ्य तेथे आहे, आणि ते निर्विवाद आहे.

प्रश्न नाटकाच्या थोरवीचा नसून समीक्षेच्या परिभाषेचा आहे. ‘नटसम्राट’ ही खाजगी, एकहाती मालकीच्या जगातील थोर शोकात्मिका होय. तिला सर्व घरांची कथा म्हणताना, ज्यांना घर देऊन टाकण्याचा अधिकारच कधी लाभला नाही त्यांचे दुःख आपण साहित्यविचारातून वगळतो.