खिडकीच्या चौकटीतले अवकाश

अवकाशावरच्या व्हिडिओ गेमना आकड्यांचा सोस फार जुना आहे. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली 'एलिट' लिहिला, तेव्हा बीबीसी मायक्रो संगणकाच्या ३२ केबी स्मृतीत त्यांनी आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला बसवल्या होत्या. डिसेंबर २०१४मध्ये ब्रेबेन यांच्या फ्रंटियर कंपनीने 'एलिट डेंजरस' आणला, तो थेट आपल्या आकाशगंगेची पूर्णाकृती नक्कल म्हणून. त्यात सुमारे ४० हजार कोटी ग्रहमाला आहेत. ऑगस्ट २०१६मध्ये आलेल्या 'नो मॅन्स स्काय'ने ग्रहांचा आकडा अठरावर अठरा शून्ये इतका नेला. हे दोन्ही गेम आज व्हीआर हेडसेट घालून खेळता येतात, आणि तिथेच या आकड्यांची खरी परीक्षा होते. पडद्यावर पाहताना मोठा आकडा कल्पनेला चेतवतो. हेडसेटमध्ये मात्र खेळाडूचे शरीर स्वतःच मापे घेऊ लागते, आणि शरीराची मोजपट्टी हाताच्या अंतरापासून सुरू होते. गेल्या दहा वर्षांतले व्हीआरमधले अवकाश-गेम एकापुढे एक ठेवून पाहिले, तर जवळचे नीट घडवणाऱ्यांनाच दूरचे दाखवता आले असे दिसते. ज्यांनी फक्त दूरचे रचत नेले, त्यांच्या हेडसेटमध्ये अवकाश सपाट झाले.

याचे कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते आणि त्यामुळे पडणाऱ्या दोन चित्रांतल्या किंचित फरकावरून मेंदू खोली ओळखतो. व्हीआरची सारी जादू या फरकावर उभी आहे. पण तो फरक अंतराबरोबर झपाट्याने घटतो. आजच्या चांगल्या हेडसेटमध्येही शंभरेक मीटरच्या पुढे दोन्ही डोळ्यांच्या चित्रांत एका पिक्सेलचा फरक उरत नाही. म्हणजे समोरचा ग्रह दहा हजार किलोमीटरवर असो की दीडशे मीटरवर टांगलेला रंगीत गोळा असो, डोळ्यांना दोन्ही सारखेच. खऱ्या अवकाशातही हीच अडचण येते. फेब्रुवारी १९७१मध्ये अपोलो १४चे अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल चंद्रावरच्या कोन विवराचा काठ शोधत चढण चढले. ३०० मीटरहून रुंद असलेले ते विवर त्यांना सापडले नाही, आणि वेळ संपत आल्यावर ते परत फिरले. पुढे कळले की ते काठापासून जेमतेम तीसेक मीटरवर पोहोचले होते. हवा नसल्याने दूरचे डोंगर धूसर होत नव्हते, ओळखीच्या मापाचे झाड, घर वा खांब नव्हते, आणि उंचसखल जमिनीत प्रत्येक उंचवटा दुसऱ्यासारखा दिसत होता. प्रत्यक्ष तिथे उभ्या असलेल्या माणसांना माप लागले नाही, तर भिंगामागच्या चित्रात ते आपोआप लागेल अशी आशा कशाला धरायची?

'एलिट डेंजरस'ने हे कोडे कॉकपिटने सोडवले. विमान उडवण्याच्या जुन्या गेमांकडून आलेली ती रूढी होती, पण व्हीआरमध्ये तिला वेगळाच अर्थ आला. डोक्यावर काचेची चौकट, समोर तरंगणारे नारिंगी तक्ते, डावीकडे मान वळवली की उघडणारी नकाशाची यादी, आणि खाली वैमानिकाचे हात. खेळाडूने खरी जॉयस्टिक डावीकडे ढकलली की पडद्यातला हातही तशीच दांडी डावीकडे ढकलतो. या सगळ्या वस्तू हातभर अंतरावर आहेत, म्हणजे दोन डोळ्यांना माप घेता येईल अशा टापूत. मग त्या चौकटीच्या कडेमागून फिरते अवकाशस्थानक सरकू लागते, आणि चौकटीशी तुलना करून मेंदू त्याचा आकार ठरवतो. स्थानकात शिरण्याची अरुंद खाच खेळाडू टपालपेटीची फट म्हणून ओळखतात. सपाट पडद्यावर ती फट म्हणजे नेम धरण्याचे लक्ष्य असते. हेडसेटमध्ये ती डोक्यावरून जाते, आणि आत गेल्यावर भिंतींवरचे दिवे वर, खाली, मागे पसरलेले दिसतात. तितकाच खरा फायदा मळमळीबाबत झाला. फलाटावर उभ्या गाडीत बसलेले असताना शेजारची गाडी हलली की आपणच निघालो असे वाटते. व्हीआरमध्ये हा भास सतत चालू असतो, आणि कानातल्या समतोलाच्या यंत्रणेला काहीच हालचाल जाणवत नसल्याने पोटात ढवळते. न हलणारी चौकट नजरेला आधार देते. त्याच गेममध्ये ग्रहाच्या खडबडीत जमिनीवर सहाचाकी गाडी चालवू लागले की हा आधार डगमगतो. त्यासाठी क्षितिज स्थिर ठेवण्याचा पर्याय मेनूत द्यावा लागला, यावरून हा आधार किती मोलाचा होता ते कळते.

कॉकपिटने वेळेलाही आकार दिला. गेममधल्या अल्फा सेंटॉरी व्यवस्थेत हटन ऑर्बिटल नावाचे एक स्थानक आहे. जिथे उडी मारून पोहोचतो त्या मुख्य ताऱ्यापासून ते ०.२२ प्रकाशवर्षे दूर ठेवलेले आहे. कित्येक वर्षे तिथे पोहोचायला प्रकाशाच्या हजारपटीहून अधिक वेगानेही तासाहून अधिक वेळ लागत असे. नवशिक्यांना तिथे पाठवणे हा खेळाडूंमधला ठरलेला विनोद झाला. विनोदाच्या पोटात एक चांगली कलात्मक गोष्ट आहे: खुर्चीत बसून, समोर न वाढणाऱ्या ठिपक्याकडे पाहत घालवलेला तास म्हणजे अंतर. २०१९च्या सुरुवातीला दहा हजारांहून अधिक खेळाडू 'डिस्टंट वर्ल्ड्स २' या सामूहिक मोहिमेवर निघाले, ते आकाशगंगेच्या पलीकडच्या कडेला, सूर्यापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षांवर असलेल्या बीगल पॉइंटकडे. त्यांना वाटेत लढाई नको होती, बक्षीसही नको होते. आणि मग मे २०२१मध्ये 'ओडिसी' हा विस्तार आला, खेळाडू खुर्चीतून उठून पायी चालू लागला, आणि पायी चालण्याच्या भागात व्हीआरचा पाठिंबा दिलाच गेला नाही. हेडसेट घातलेल्याला तिथे समोर तरंगणारा सपाट पडदा मिळतो. अर्थकारण समजू शकते. चालण्यासाठी हातांची, पायऱ्यांची, दारांची नवी रचना करावी लागली असती. पण सहा वर्षांहून अधिक काळ जहाजाच्या आत बसून ज्या ग्रहावर उतरायचे स्वप्न पाहिले, त्यावर पाऊल टाकण्याच्या क्षणालाच सिनेमाच्या पडद्यात बंद करणे ही या कलाप्रकाराच्या इतिहासातली सर्वांत चुकीच्या जागी केलेली काटकसर आहे.

'नो मॅन्स स्काय'ने उलटा प्रवास केला. हॅलो गेम्स या गिल्डफर्डच्या लहान स्टुडिओने २०१६मध्ये आश्वासनांच्या मानाने तोकडा गेम बाजारात आणला आणि भरपूर शिव्या खाल्ल्या. नंतर वर्षानुवर्षे फुकट अपडेट देत तो सुधारला. ऑगस्ट २०१९च्या 'बियाँड' अपडेटने व्हीआर आले. इथे यानाची काच हाताने ओढून उघडायची, हातानेच वेगाची दांडी पुढे ढकलायची, खांद्यामागे हात नेऊन साधन काढायचे. ग्रहावरून उडून वातावरण भेदत बाहेर पडण्याचा प्रवास कुठेही न थांबता घडतो, आणि तो अजूनही या क्षेत्रातला सर्वांत मोहक प्रवास आहे. गंमत अशी की अठरावर अठरा शून्यांच्या या गेममध्ये ग्रहच लवकर कंटाळवाणे होतात. पाचव्या-सहाव्या ग्रहावर तीच दगडांची घडण, त्याच जातीचे प्राणी वेगळ्या रंगात भेटतात. कंटाळा येत नाही तो यानाच्या दांडीचा. गणिताने अनंत बनवलेल्या गोष्टींपेक्षा माणसाने एकदा हाताने घडवलेली वस्तू जास्त टिकते, हा निष्कर्ष गेम बनवणाऱ्यांना फारसा रुचणार नाही, पण पुरावा त्याच बाजूला आहे.

माझ्या मते आजवरचा सर्वांत यशस्वी प्रयोग 'लोन इको' हाच. जुलै २०१७मध्ये रेडी अ‍ॅट डॉन स्टुडिओने केलेला हा गेम शनीच्या कड्यांजवळच्या एका खाणस्थानकावर घडतो. खेळाडू जॅक नावाचा यंत्रमानव आहे, आणि सोबतीला कप्तान ऑलिव्हिया ऱ्होड्स ही एकच माणूस. जागा लहान, पात्रे दोन. फिरण्यासाठी कळ दाबून चालायचे नाही. कठडा, पाइप, दाराची कड, जे हाती लागेल ते पकडून स्वतःला ओढायचे आणि सोडून द्यायचे. बोटे आपोआप त्या वस्तूच्या आकारात वळतात. हात जितका मागे ओढला तितकेच जग मागे सरकते, त्यामुळे हालचालीचा हिशोब मेंदूला पटतो आणि कॉकपिट नसूनही बऱ्याच लोकांना त्रास होत नाही. स्थानकाबाहेर आल्यावर शनीची कडी दिसतात ती हातातल्या कठड्याच्या पार्श्वभूमीला, आणि कठडा सुटला तर काय, ही भीती कोणी समजावून सांगावी लागत नाही. ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये नासाचे अंतराळवीर हेडसेट घालून स्पेसवॉकचा सराव करतात, तेव्हा तेही मुख्यतः हेच शिकतात: कोणत्या कठड्यावरून कोणत्या कठड्यावर जायचे, आणि हात सुटून दूर वाहत गेलो तर पाठीवरच्या 'सेफर' या छोट्या जेटयंत्राने परत कसे यायचे. प्रशिक्षकांनी आणि गेमकारांनी वेगवेगळ्या वाटांनी गाठलेले हे एकच ठिकाण आहे.

यावर शास्त्राच्या बाजूने आक्षेप येईल. कठडे आणि दांड्या ठीक, पण अवकाश म्हणजे खरे अवकाश हवे. व्लादिमीर रोमान्युक यांचा 'स्पेस इंजिन' हेडसेटमध्ये खऱ्या तारासूचीतले विश्व दाखवतो, मग खेळण्यातल्या जहाजांचे कौतुक कशाला? अचूकतेचा आनंद मी नाकारत नाही. २०१७मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह असल्याचे जाहीर झाले, तेव्हा 'एलिट डेंजरस'च्या आकाशगंगेत जवळपास त्याच जागी सात ग्रहांची एक व्यवस्था गणिताने आधीच उभी केलेली निघाली. हे वाचून टाळी द्यावीशी वाटते. पण ही टाळी बुद्धीची आहे, आणि ती हेडसेटशिवायही पडते. 'स्पेस इंजिन'मध्ये दीर्घिकेतून सुसाट जाताना सगळे काही खरे असते आणि थोड्याच वेळात सगळे सारखे वाटू लागते, कारण पाहणाऱ्याला शरीरच दिलेले नाही. तारांगणाच्या घुमटाखाली निवेदक ही उणीव भरून काढतो. इथे तो नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. शोधाचा सर्वोत्तम गेम कोणता असे विचारले तर अनेक जाणते 'आउटर वाइल्ड्स'चे नाव घेतील, आणि २०१९चा तो गेम साध्या पडद्यासाठी बनला. बावीस मिनिटांत सूर्य फुटतो, पुन्हा सुरुवात होते, आणि खेळाडूकडे उरते ते फक्त मिळवलेले ज्ञान. नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेला मराठी वाचक तर म्हणेल की पडदाही नको, शब्द पुरतात. दोन्ही म्हणणी खरी आहेत, पण ती वेगळ्या गोष्टीविषयी आहेत. कथा आणि कोडे कळण्याचा आनंद देतात. त्यासाठी पानापेक्षा हेडसेट सरस ठरत नाही, आणि कोणी तसे भासवत असेल तर तो विक्रेता समजावा. हेडसेट देतो ते केवळ स्थान: मी इथे आहे, ते तिथे आहे, मध्ये काही नाही. 'आउटर वाइल्ड्स'चाही पुरावा पाहा. चाहत्यांनी त्यासाठी 'नोमायव्हीआर' नावाचा मॉड स्वतः बनवला. कोडी तीच राहिली; बदलले ते लाकडी फळ्यांच्या ओबडधोबड यानाचे आतले रूप, आणि काही शे मीटर व्यासाच्या ग्रहांवर उभे राहिल्यावर वाकून दिसणारे क्षितिज. त्या गेममधले ग्रह मुद्दाम लहान आहेत, म्हणूनच ते व्हीआरमध्ये मोठे वाटतात.

मळमळ, किंमत आणि वजन यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. मळमळीपुरते एवढेच म्हणता येईल की खऱ्या अवकाशात गेलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना पहिल्या दिवसांत तोच त्रास होतो. मला जास्त खटकतो तो काळा रंग. २०१६चा ऑक्युलस रिफ्ट ओलेड पडद्यांचा होता. अंधारात पिक्सेल विझत. पुढे स्वस्त आणि बारीक चित्र देणारे एलसीडी पडदे आले. क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३मध्ये ताऱ्यांमधली पोकळी राखाडी दिसते. ओलेड टिकवणारा २०२३चा पीएसव्हीआर२ हा बाजारातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. बहुतेक गेमांना या बदलाने फरक पडत नाही. अवकाशाच्या गेमचा मात्र निम्मा विषयच काळा असतो. व्यवसायाची स्थितीही अशीच फिकी. 'ईव्ह: वाल्किरी' काढणाऱ्या सीसीपीने २०१७मध्ये व्हीआरमधून माघार घेतली, आणि मेटाने २०२०मध्ये विकत घेतलेला रेडी अ‍ॅट डॉन २०२४मध्ये बंद केला. ज्यांना जवळचे घडवण्याची कला सर्वांत चांगली कळली होती, त्यांचाच हात मोडला.

म्हणून पुढच्या गेमकडून आणखी ग्रह मागण्यात अर्थ नाही. अपोलोच्या कमांड मोड्यूलमध्ये तीन माणसांना वावरायला सुमारे सहा घनमीटर जागा होती. त्यातल्या वैमानिकाला सेक्स्टंटच्या दुर्बिणीला डोळा लावून, संगणकात नोंदलेल्या ३७ ताऱ्यांपैकी एखादा तारा शोधून यानाची दिशा पक्की करावी लागे. अपोलो मोहिमेवर व्हीआरमध्ये काम झालेले आहे, पण बरेचसे प्रेक्षकाला खुर्चीत बसवून देखावा दाखवणारे. तो डोळा दुर्बिणीला लावायला देणारा, छोटी दांडी ढकलून तारा दुर्बिणीतल्या खुणेवर आणायला लावणारा आणि चुकला तर चंद्र चुकवणारा गेम चारपाच जणांच्या स्टुडिओलाही झेपेल. त्याला दीर्घिका बनवाव्या लागणार नाहीत, फक्त एक छोटी खोली, तिची पाच खिडक्यांची भिंत आणि नीट घडवलेली एक दांडी.