दर्या की दऱ्या? ‘आरएफसी ५८९२’मधील एका नियमाचे परीक्षण

डोमेन नावात कोणती चिन्हे चालतील हे ठरवताना प्रत्येक चिन्ह सुटे घेऊन त्यावर ‘ग्राह्य’ किंवा ‘अग्राह्य’ असा शिक्का मारणे सोयीचे असते. भारतीय लिप्यांत ही सोय कशी फसते ते दोन मराठी शब्दांवरून पाहू. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात ‘य’ला डावीकडून चिकटणारा ‘र’. हा दुसरा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह देऊन.

२००३ च्या आयडीएनए मानकाने हे अदृश्य चिन्ह नावातून सरळ गाळले. न दिसणाऱ्या चिन्हातून फसवी नावे तयार होतील ही भीती रास्तच होती. पण परिणाम असा, की या दुसऱ्या पद्धतीने दऱ्या लिहाव्यात आणि हाती दर्या यावा!

२०१० च्या आरएफसी ५८९२ ने प्रश्नच बदलला. चिन्ह कोणते, एवढेच न पाहता ते कोठे आले आहे हे पाहिले : लगेच आधी हलन्त असेल तर जॉइनर ग्राह्य, एरवी नाही. सिंहल लिपीत ‘श्री’ लिहायलाही हेच चिन्ह लागते, म्हणजे फायदा एकट्या मराठीचा नव्हे. माझ्या मते या मानकातील ही सर्वांत समंजस ओळ आहे.

तरीही नियम अर्ध्यावर थांबतो. तो मागे पाहतो, पुढे पाहत नाही; आणि तेच रूप दुसऱ्या मार्गाने लिहिता येते का, हेही विचारत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ पडद्यावर सहसा सारखेच दिसतात. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. दोन्ही नियमात बसतात, म्हणून ती दोन स्वतंत्र नावे ठरतात आणि दोन वेगळ्या मालकांकडे जाऊ शकतात. अशी जोडनावे रोखण्याचे काम मानकाने नोंदणी संस्थांवर सोडले आहे. प्रत्येक लिपीचे बारकावे प्रोटोकॉलमध्ये कोंबता येत नाहीत, हे मान्य; पण मग मराठी न जाणणाऱ्या नोंदणी संस्थेला हा धोका दिसणार कसा?

वरील दोन्ही रूपे संगणकावर उतरवून त्यांतील संकेतांक मोजून पाहा : पहिल्यात पाच, दुसऱ्यात सहा.